लव्हाळ्यातला संसार

कल्पनाताई आगाशे कानडी मुलखात, हेब्बाळच्या बाजूला राहायला आल्या तेव्हा घरामागचं तळं नितळ होतं. दर भाद्रपदात त्या काठावरून सात खडे वेचून गौरी म्हणून घरी आणत, आणि वाटेत चकार शब्द बोलत नसत; सासूबाईंची तशी शिस्तच होती. पुढे टॉवर उठले, सांडपाणी आलं, लव्हाळं माजलं आणि काठ गडप झाला. कल्पनाताईंच्या लेखी तळं मेलं. "उकिरडा झालाय नुसता!" म्हणत त्यांनी दारोदार फिरून सह्या जमवल्या, पालिकेच्या नाकी नऊ आणले. बाई एकदा हट्टाला पेटली की ऐकते कुणाचं!

अखेर तळं साफ करायला जेसीबी आला, तोही गौरी आवाहनाच्याच सकाळी. थोडा काठ मोकळा झालेला पाहून कल्पनाताई हरखल्या. ताम्हनात खडे घेतले, हळदकुंकू वाहिलं आणि मौन धरून निघाल्या. इतक्यात लव्हाळं हललं. आतून एक जांभळी पाणकोंबडी आली आणि तिच्यामागे काळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्लं. नितळ पाण्याच्या दिवसांत हा पक्षी इथे कधी दिसला नव्हता. मेलेल्या तळ्यात कुणीतरी खुशाल संसार थाटला होता!

जेसीबीचा पंजा नेमका तिकडेच वळला. कल्पनाताईंनी ड्रायव्हरला, देवाप्पाला, हात हलवून थांबवायला पाहिलं. त्याला वाटलं, बाई शाबासकी देताहेत. त्यानेही हसून हात हलवला. बोलावं तर गौरींचं मौन मोडतं, न बोलावं तर पिल्लं चिरडतात.

"अण्णा, निल्लिसी! निल्लिसी! थांबवा!" त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या.

पंजा अधांतरी थांबला. देवाप्पाने उतरून पाहिलं आणि जीभ चावली. "सरी अक्का," म्हणाला, आणि मशीन मागे घेतलं. कल्पनाताईंचा जीव भांड्यात पडला. तिथेच ओल्या दगडावर बसून त्या चक्क हसल्या.

दारात त्यांचे यजमान पद्माकरराव पायांवर पाणी घालायला उभे होते.

"अहो, मी वाटेत बोलले," कल्पनाताईंनी सगळं सांगून टाकलं. "आता ते लव्हाळं राहू द्या म्हणून पुन्हा दारोदार फिरणार आहे."

"फिर हो. पण गौरींचं काय? दुसरे खडे आणायचे?"

"नको. याच बसतील."

"आई असती तर?"

"त्या माझ्याआधी ओरडल्या असत्या," कल्पनाताई म्हणाल्या आणि निर्धास्तपणे उंबरा ओलांडून आत आल्या.