गिऱ्हाईक येतंय, आप्पांना हलवा

घर विकायला काढलं की पहिल्या दिवसापासून माणसं सल्ले घेऊन दारात उभी राहतात. रंग मारून घ्या. कागद आधीच काढून ठेवा. लाइटबिल अजून कुणाच्या नावावर आहे ते बघा. माळ्यावरची अडगळ भंगारात द्या. हे सगळे सल्ले बरोबर आहेत आणि आम्ही ते मानलेही. पण आमच्या एजंटानं जो सल्ला दिला तो मी कुणाला देणार नाही, आणि दुसरं कुणी देताना दिसलं तर दोन शब्द सुनावल्याशिवाय राहणार नाही. तो म्हणाला होता, "गिऱ्हाईक येतंय, आप्पांना तेवढं हलवा."

आप्पा म्हणजे माझे वडील. शिरूरच्या एसटी डेपोत ते मेकॅनिक होते. घर त्यांनी स्वतः उभं केलं, सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत. गवंडी लावला होता, पण पाइप आणि वायरिंग त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. त्यामुळं भिंतीतून कुठला पाइप कुठून गेलाय हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. खिळा ठोकायचा असला तरी आई आधी त्यांना हाक मारायची.

मग त्यांना झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. डोकं मात्र पहिल्यासारखंच चालत होतं, आणि हेच लोकांच्या लक्षात राहत नसे. न्हाणीघर मागच्या बाजूला, तीन पायऱ्या उतरून. आईचे गुडघे गेलेले. मी एकुलती एक, लग्न होऊन केडगावला, तिथंच शाळेत शिकवते. दर शनिवारी चौफुला, न्हावरा करत शिरूर गाठायचं आणि रविवारी परत फिरायचं, असं दीड वर्ष चाललं. शेवटी आप्पाच म्हणाले, हे विकू आणि तुझ्याजवळ पायऱ्या नसलेलं घर बघू. निर्णय त्यांचा होता, हे मुद्दाम लिहून ठेवते. कारण पुढं सगळे असे वागले, जणू आप्पा म्हणजे घरातली एक जड वस्तू होती आणि ती कशी न्यायची एवढाच काय तो प्रश्न होता.

भावकीतल्या एकीनं तर तोंडावर विचारलं, "लेकीच्या गावात जाऊन राहायचं? बरं दिसतंय व्हय ते?" शनिवार-रविवार आप्पांना उचलून धरायला मी येत होते तेव्हा हिला बरं दिसत होतं.

एजंट पहिल्यांदा आला तेव्हा चांगला वाटला. पांढरा शर्ट, गोड बोलणं, आईला वाकून नमस्कार. घरभर हिंडला, गच्चीवर जाऊन आला, आणि बाहेरच्या खोलीत आप्पांच्या पलंगाशी थबकला. खोली रस्त्याकडची, खिडकी मोठी, म्हणून आम्ही पलंग तिथं टाकला होता. तो मला अंगणात घेऊन गेला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "ताई, घर एक नंबर हाय. पन आप्पा समोर दिसले की गिऱ्हाईक मागं फिरतंय बगा. आजारी मानूस म्हंजी ह्यांना घर लाभलं न्हाई, आसं म्हनत्यात लोक. तासाभराचा तर प्रश्न हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तेव्हा तसं काही झालं नाही. मी मान हलवली. आता राग येतो तो त्याच्याइतकाच माझ्यावरही येतो.

पहिलं गिऱ्हाईक आलं त्या रविवारी आम्ही आप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं शेजारचे, म्हणजे रस्त्यापलीकडचे काका. खुर्ची उचलून त्यांच्या पत्र्याखालच्या ओट्यावर नेऊन ठेवली. एजंटानं पलंग मागच्या खोलीत ढकलला, औषधांचा डबा कपाटात कोंबला, टॉयलेटची खुर्ची गच्चीवर पाठवली आणि भरदुपारी तीन उदबत्त्या लावल्या. आप्पा समोरून आपल्याच दाराकडं बघत बसले होते. माणसं चपला न काढता आत शिरली. एकानं भिंतीवर टकटक केलं. पलंगाच्या जागेवर उभं राहून त्याची बायको म्हणाली, "इथं टीव्ही छान बसेल." खिडकी उघडी होती. आप्पांना ऐकू गेलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

ते गिऱ्हाईक काही आलं नाही परत. दुसरंही नाही.

तिसऱ्या वेळी आलेली मंडळी हटेचनात. गच्ची दोनदा बघितली, वास्तू बघणाऱ्याला फोन लावला, दिशा मोजल्या, चहा घेतला. तास झाला, दीड तास झाला. मी कप गोळा करत होते तेवढ्यात शेजारच्या काकू दाराशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मी जे समजायचं ते समजले. समोर गेले तर आप्पांच्या खुर्चीखाली ओल होती. त्यांनी काकांना आवाज दिला नव्हता. "गिऱ्हाईक हाय न्हवं आत," एवढंच ते म्हणाले आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी पाणीसुद्धा मागून न पिणारा माणूस, आणि आम्ही त्यांना दुसऱ्याच्या ओट्यावर या अवस्थेला आणलं. कशासाठी? तर कुणा परक्याला टीव्ही कुठं बसवायचा हे निवांत ठरवता यावं म्हणून. आई त्यांचे कपडे धूत होती आणि रडत होती. एजंट फोनवर सांगत होता की पार्टी खूश आहे. पार्टी! त्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं.

ती पार्टीही पुन्हा फिरकली नाही. पुढच्या रविवारी परत फोन आला. नवरा-बायको येतायत, नवरा रांजणगावला कारखान्यात आहे, घाई आहे. काका आले, खुर्ची आणली. मी आप्पांच्या काखेत हात घातला तर त्यांनी उजव्या हातानं खिडकीचा गज धरला. ती पकड डेपोतल्या माणसाची होती, सुटणारी नव्हती.

"मी कुठं बी जानार न्हाई," ते म्हणाले. शब्द सावकाश येत होते, पण एकेक स्पष्ट. "गाडी बगायला आलंय गिऱ्हाईक. मेकॅनिकला लपवून गाडी इकता व्हय?"

डेपोत असताना त्यांचा एक नेम होता. दुरुस्त करून गाडी ड्रायव्हरच्या हाती देताना ते तिचा उरलेला दोष सांगायचे. ब्रेक जरा उशिरा लागतो, तिसरा गिअर अडकतो, जे असेल ते. यावरून साहेबांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या, कारण ड्रायव्हर मग गाडी न्यायला कुरकुर करत. पण दोष न सांगता गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हे त्यांनी निवृत्तीपर्यंत पाळलं. आणि अशा माणसाला आम्ही रस्त्यापलीकडं बसवून त्याचं घर दाखवत होतो.

मी खुर्ची बाहेर ठेवून आले.

जोडपं आलं. एजंटाची नजर पलंगावर गेली आणि चेहरा उतरला. पण तो पट्टीचा. लगेच हसून म्हणाला, "हे आमचे पाव्हणे. दवाखान्यासाठी आल्यात, दोन दिसांत जातील."

पाव्हणे! ज्या माणसानं त्या खोलीतल्या प्लास्टरवर स्वतः पाणी मारलं, त्याला त्याच्याच घरात पाव्हणा केलं, तेही त्याच्या तोंडावर. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत आप्पाच बोलले. "पावना न्हाई. घर माझं हाय. बसा."

ती दोघं बसली. आप्पांनी सुरुवातच ओल येणाऱ्या भिंतीपासून केली. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते, कारण पाइप तिच्यात आहे आणि तो तिथं टाकायला नको होता, ती चूक माझी. बोअरचं पाणी जड आहे, गिझर टिकत नाही. गच्चीचा उतार उलटा झालाय, पाणी कोपऱ्यात थांबतं. मागच्या खोलीतलं तिसरं बटण वापरू नका, त्याची वायर जुनी आहे. एजंट खोकत होता, घड्याळ बघत होता, मध्येच "आप्पा, ऱ्हाऊ द्या आता" म्हणत होता. नवऱ्यानं मोबाइल काढला आणि एकेक गोष्ट लिहून घ्यायला लागला.

बायको मात्र पलंगाकडंच बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "काका, हे तुम्हाला कधी झालं? याच घरात?"

"स्टँडवर," आप्पा म्हणाले. "पेपर घ्यायला गेलो व्हतो. घरानं काय क्येलं न्हाई मला. घराला बोल लावू नका."

ती ओशाळली. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

दोघं "कळवतो" म्हणून गेली. एजंट अंगणात माझ्यावर घसरला. "घालवलं की वो गिऱ्हाईक! म्हाताऱ्याला आवरायचं तरी." मग माझं जे काही साठलं होतं ते सगळं बाहेर पडलं. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या काकू कौतुकानं अजून सांगतात, एवढंच सांगते.

आठ दिवसांनी ती दोघं गवंड्याला घेऊन परत आली. पाइप कुठून कुठं गेलेत ते त्यांना आप्पांकडून समजून घ्यायचं होतं. आम्ही आप्पांना खुर्चीत बसवलं, पण या वेळी बाहेर नेण्यासाठी नाही. खोलीखोलीतून फिरवलं. ते बोटानं दाखवत होते आणि गवंडी खडूनं भिंतीवर रेघा मारत होता. व्यवहार त्यांच्याशीच झाला. भिंतीच्या ओलीचे थोडे पैसे कमी केले त्यांनी, आमची हरकत नव्हती. एजंट नंतर सगळ्यांना सांगत होता की आप्पांना समोर बसवायची युक्ती त्याची.

आता राहिला केडगावचा शोध. या वेळी मी कुठलाही एजंट गाठला नाही. शाळेतल्या ओळखीवर घरं बघत होते आणि प्रत्येक घर बघायला आई-आप्पांना घेऊन जात होते. गाडी भाड्याची, बाजूला सरकणाऱ्या दाराची. आप्पा आत बसून राहायचे, आम्ही बघून येऊन सांगायचो, आणि पटलं तर मग त्यांना आत न्यायचं ठरलं होतं. ज्यानं राहायचं त्यानं बघायचं, एवढं तरी शहाणपण मला आलं होतं.

तिसरं घर स्टेशनपासून जवळ, बैठं, एकही पायरी नाही. मालक माझ्याच वयाचा. घर चकाचक. पण बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी थांबले. भरदुपारी उदबत्त्यांचा वास, एक नाही, तीन-चारांचा. खिडकीजवळच्या फरशीवर पलंगाच्या लोखंडी पायांचे चार गंजके डाग. आईनं माझ्याकडं बघितलं. तिलाही कळलं होतं.

"घरात कोण कोण असतं?" मी विचारलं.

"मी, मिसेस आणि मुलं," तो म्हणाला.

खिडकीतून रस्ता दिसत होता. पलीकडच्या घराच्या पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. मांडीवर उशी, उशीवर औषधांची पिशवी. आमची गाडी तिच्यासमोरच उभी होती, दार उघडं, आत आप्पा.

"त्या कोण?" मी विचारलं.

"शेजारच्या आहेत," तो म्हणाला, आणि नळ उघडून पाण्याचा जोर दाखवायला लागला.

त्याला फाडून खायला तोंड उघडावं तर समोर मीच दिसत होते, कप गोळा करणारी. तेवढ्यात बाहेरून म्हातारीचा आवाज आला. उन्हात उघड्या गाडीत एकट्यालाच बसवलेल्या आप्पांकडं बघून ती आपुलकीनं विचारत होती, "तुमच्या बी घरी गिऱ्हाईक आलंय व्हय?"

आप्पा म्हणाले, "आलं व्हतं. तुमचं घर कसं हाय, आक्का? काय दोष?"

"न्हानीचं पानी तुंबतंय," ती म्हणाली. "बाकी घर ग्वाड हाय."

मालकानं नळ बंद केला. मी त्याला म्हणाले, आधी तुमच्या आईंना आत आणू, घर मग बघू. पर्स आईकडं दिली, रस्ता ओलांडला आणि खुर्चीची एक बाजू धरली. दुसरी बाजू धरायला त्याला दोनदा सांगावं लागलं.