मागून ढकलणारा ट्रेलर

शटरवाल्यांना कोणी बोलतं केलं तर ते शटरबद्दल बोलत, आणि नाही केलं तर गप्प बसत. बाजारातल्या निम्म्या दुकानांची शटरं त्यांच्या हातची. सकाळी दुकानं उघडताना जो खडखडाट होई, त्यात कोणाचं शटर तेल मागतंय आणि कोणाची पट्टी वाकलीय, हे त्यांना अंथरुणात पडल्या पडल्या कळत असे. आता त्यांनी काम बरंच कमी केलं होतं. घरालगतच्या शेडमध्ये वेल्डिंगचं मशीन, गुण्या, हातोडे जिथल्या तिथे होते, पण निम्मी शेड होडीनं अडवली होती.

होडी लहानशी, फायबरची, मागे एक इंजिन. सुट्टीच्या दिवशी ती गावाबाहेरच्या तलावात सोडायची, हा नवरा-बायकोचा एकुलता एक शौक. इंजिन बायको चालवायची. शटरवाले पुढे गळ टाकून बसायचे. मासा लागला तर ठीक, नाही लागला तर वारा तरी खाल्ला, असा एकूण हिशेब. घरी दिवसभरात चार वाक्यं न बोलणारी ही जोडी पाण्यावर गेली की गप्पांना ऊत यायचा. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ज्या ट्रेलरवर ही होडी बसायची तो होडीपेक्षा म्हातारा. दोन चाकं, जाड चौकोनी ॲक्सल, गंजाला दाद न देणारा सांगाडा. ब्रेक मात्र नव्हते. ज्या काळात तो बनला तेव्हा कोणाला त्याची गरज वाटली नसावी. जीपचे ब्रेक दाबायचे आणि जीपनं स्वतःला आणि मागच्या पाहुण्याला दोघांनाही सांभाळायचं, असा कारभार.

तलावाकडे जाणारा रस्ता शेवटी एकदम उतरतो आणि वळतो. गेल्या हंगामात त्या उतारावर एक सायकलवाला आडवा आला. शटरवाल्यांनी ब्रेक दाबला. जीप थांबू पाहत होती, पण होडीसकट ट्रेलरनं तिला मागून असा काही धक्का दिला की ती तिरकी घसरत कठड्याला जाऊन टेकली. सायकलवाला केव्हाच पुढे निघून गेला होता. कठड्यापलीकडे खाली खडक दिसत होते.

"काही झालं नाही," शटरवाले म्हणाले.

बायकोनं दार उघडलं, उतरली आणि पायी घरी निघाली. ते मागून हाका मारत राहिले, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यानंतर भांडण नाही, अबोला नाही, सगळं सुरळीत. फक्त ट्रेलर जोडलेल्या जीपमध्ये ती बसेना.

"तुम्ही जा की एकटे," ती म्हणायची.

"एकट्यानं काय जायचं?"

"मग विकून टाका होडी. शेडमध्ये हातपाय तरी हलवता येतील."

ती हे इतक्या सहज म्हणायची की शटरवाल्यांना ते खरं वाटायचं. रागानं म्हणाली असती तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. शेवटी एक दिवस ते होडीवरची ताडपत्री बाजूला करून खाली वाकले, ॲक्सलवर हात फिरवला आणि तडक स्पेअरपार्टच्या दुकानात गेले.

दुकानदार त्यांचं शटर वापरणारा, त्यामुळे आदरानं बोलायचा. "काका, सरळ नवा ट्रेलर घ्या. या म्हाताऱ्याला कशाला दागिने घालताय?"

"म्हाताऱ्याचा सांगाडा चांगला आहे."

"तुमचा की ट्रेलरचा?"

शटरवाले हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. दुकानदारानं मग सामान काढलं आणि समजावून सांगितलं. हुकाच्या जागी नवा हुक बसवायचा, त्याच्या आत एक दट्ट्या असतो. जीप हळू झाली की ट्रेलर मागून ढकलतो, दट्ट्या आत दाबला जातो, ब्रेक ऑइल पाइपातून चाकांकडे धावतं आणि चाकं आवळली जातात. ट्रेलर जितका अंगावर येईल तितका तो स्वतःच स्वतःला आवरेल.

"आणि रिव्हर्स घेताना? तेव्हाही दट्ट्या दाबला जाणारच की," शटरवाल्यांनी विचारलं.

"बरोब्बर पकडलंत. म्हणून हे ब्रेक एकदिशी आहेत. चाक पुढे फिरत असेल तर धरतात, मागे फिरलं तर सोडून देतात. त्यामुळे डावा डावीकडेच लावायचा, उजवा उजवीकडेच." त्यानं दोन्ही खोक्यांवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं. "आणि ट्रेलर पाण्यातून काढलात की ब्रेकचे ड्रम चांगल्या पाण्यानं धुवा. नाहीतर पुढच्या वर्षी माझ्याकडेच याल."

काम शटरवाल्यांनी चवीनं केलं. जुन्या ॲक्सलला ब्रेक बसवायला जागाच नव्हती. त्यांनी जाड पत्र्याच्या दोन चकत्या कापल्या, गुण्या लावून काटकोनात धरल्या आणि आधी नुसते टाके मारले. मग एका बाजूला थोडं, समोरच्या बाजूला थोडं असं वेल्डिंग केलं, म्हणजे उष्णतेनं चकती वाकू नये. मध्येच थांबून पुन्हा मोजायचं, पुन्हा थंड होऊ द्यायचं. बायको चहा आणून ठेवी. "झालं का तुमचं?" एवढंच विचारी. ते "होतंय," म्हणत. तिनं विचारलं याचाच त्यांना आनंद व्हायचा आणि मग चहा गार व्हायचा.

पाइपातली हवा काढायला दुसरा माणूस लागतो. त्यासाठी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त, पण तोंड अजून नोकरीत.

"दाब," शटरवाले चाकापाशी पालथे पडून सांगत.

"दाबलं."

"सोड."

"सोडलं. भावोजी, लग्नात आमच्या वडिलांनी तुम्हाला एवढे आदेश देऊ दिले नव्हते हो."

"दाब."

हवेचे बुडबुडे संपले. चाकं जॅकवर उचललेली होती. शटरवाल्यांनी हातानं चाक फिरवलं, मेहुण्यानं दट्ट्या दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. हातानं फिरवलेलं चाक थांबवायला कितीसा जोर लागतो म्हणा, पण त्या क्षणी दोघांनाही ते पुरेसं वाटलं. मेहुण्यानं टाळीही दिली.

बायकोला बसवण्याआधी स्वतः बघून घ्यावं म्हणून ते मेहुण्याला घेऊन गोदामांच्या मागच्या रस्त्यावर गेले. तिथे बारीकसा उतार होता आणि माणसांची वर्दळ नव्हती. शटरवाल्यांनी ब्रेक दाबला. मागून तोच धक्का आला, ओळखीचा, जुना. जीप पुढे ढकलली गेली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. वर जाण्यासाठी रिव्हर्स टाकला तर ट्रेलरची चाकं जागीच आवळली गेली आणि टायर फरफटत रस्त्यावर काळे पट्टे उमटले.

मेहुण्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून पट्टे पाहिले. "भावोजी, आपल्याला तलावाला मागे मागे जायचं असतं ना, तर काही धोका नव्हता."

शटरवाल्यांनी कपाळाला हात लावला. चकत्या सरळ, पाइप घट्ट, ऑइल भरलेलं, हवा काढलेली. सगळं नीट होतं आणि काहीच नीट नव्हतं.

"असं करा," परत येताना मेहुणा गंभीरपणे म्हणाला. "ताईला सांगा, झालं काम. नवा हुक तर दिसतोयच. पहिल्या गिअरमध्ये घ्या, हळूहळू उतरा. तिला कुठं कळतंय आतलं? एकदा बसली की भीती मोडेल. मग सावकाश दुरुस्त करा."

शटरवाल्यांनी गिअर बदलला. खरं तर त्यांना ते पटू लागलं होतं. पहिल्या गिअरमध्ये खरंच निभावलं असतं. इतकी वर्षं निभावलंच होतं.

मेहुण्याला त्याच्या दारात सोडून ते घरी आले. बायको टेबलावर कपड्यांना इस्त्री करत होती. त्यांच्याकडे न बघताच तिनं विचारलं, "कसं झालं?"

"झालं. काही—"

ते थांबले. पुढचं वाक्य त्यांच्या ओठावर तयार होतं, आणि कठड्यापाशी म्हटलेल्या 'काही झालं नाही'च्याच जातीचं होतं ते. बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली होती आणि आता ती त्यांच्याकडे बघत होती.

"नाही झालं," ते म्हणाले. "पुढे जाताना धरतच नाहीत. मागे जाताना घट्ट धरतात. काय चुकलं कळत नाही. आणि त्या दिवशी... कठड्यापाशी गाडी माझ्या हातात नव्हती. कठडा नसता तर गेलो असतो आपण."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी शेजारीच बसले होते."

शटरवाले खुर्चीवर बसले. तिनं शर्टाची घडी घातली, ती ढिगावर ठेवली, दुसरा शर्ट घेतला आणि तसाच हातात धरून राहिली.

"ब्रेक डावे-उजवे असतात म्हणालात ना परवा?"

"असतात. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, बघून लावलेत. खोक्यावर लिहिलेलं होतं."

"बसवताना तुम्ही उभे कुठे होतात?"

शटरवाले तिच्याकडे बघतच राहिले. धंद्याच्या सगळ्या वर्षांत दुकानदारांचे फोन तीच घेत आली होती. शटरचं डावं-उजवं ठरवायचं ते रस्त्यावर, दुकानाकडे तोंड करून उभं राहून. गिऱ्हाईक मात्र गल्ल्यावर बसून आतून बघे आणि 'डावीकडची पट्टी तुटलीय' म्हणे. म्हणून फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, उभे कुठे आहात?

ब्रेक बसवताना शेडमध्ये ट्रेलरचं तोंड दाराकडे होतं. शटरवाले दारातून आत गेले होते, त्याच्यासमोर उभे राहिले होते, जसे आयुष्यभर दुकानांसमोर उभे राहत आले तसे, आणि आपल्या डाव्या हाताला, म्हणजे ट्रेलरच्या उजव्या चाकाला, डावा ब्रेक लावला होता.

"हात्तिच्या," ते म्हणाले.

बायको इतकी हसली की तिला शर्ट टेबलावर टाकावा लागला. "बाजारातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना शहाणं केलं मी, आणि घरातलं राहिलंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकं पुन्हा उतरवली. पाइप सुटे केले, ब्रेक अदलाबदल केले, ऑइल परत भरलं. हवा काढायला या वेळी मेहुण्याला बोलावलं नाही. बायको पदर खोचून हुकापाशी बसली.

"दाब," ते म्हणाले.

"दाबलं. पण आधी सांगा, आता तुम्ही उभे कुठे आहात?"

"पालथा पडलोय."

"मग चालेल."

गोदामांमागच्या उतारावर ते आधी एकटेच जाऊन आले. परतल्यावर त्यांनी आत येऊन सांगितलं, "धरतात. मागेही सोडतात. पण होडी वर नव्हती. होडीसकट कसं वागेल ते अजून बघितलेलं नाही."

ती "बरं," म्हणाली. आत गेली, चप्पल घालून आली आणि जीपचं दार उघडून बसली. शटरवाल्यांनी होडी चढवली, दोर आवळले, हुक पाहिला, परत एकदा पाहिला. ती बसून राहिली.

तलावाच्या उताराआधी त्यांनी जीप बाजूला उभी केली. "आता उतार आहे. उतरून चालत येणार असलीस तर ये. मी खाली थांबतो."

"चला," ती म्हणाली. तिनं डाव्या हातानं खिडकीवरची कडी धरली होती.

उतार सुरू झाला. शटरवाल्यांनी ब्रेकवर पाय नुसता टेकवला.

"नीट दाबा. मी बसलेय म्हणून लाड नकोत. दाबून बघायचंय ना?"

त्यांनी दाबला. मागून क्षणभर धक्क्याची सुरुवात झाली, दट्ट्या दाबल्याचा 'ठक' असा आवाज आला, आणि मग कोणीतरी शर्टाचं टोक धरून ठेवावं तसं ट्रेलरनं जीपला मागे धरलं. जीप सरळ उभी राहिली. रस्त्याच्या मधोमध. कठडा चांगला चार हात लांब होता.

इंजिन धडधडत होतं.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"थोडी."

'त्यात काय घाबरायचं' हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले. "मीही," ते म्हणाले.

तिनं कडी सोडली आणि हात मांडीवर ठेवला. बोटांवर कडीचे वळ उमटले होते, ते ती चोळत बसली. शटरवाल्यांनी पहिला गिअर टाकला. खाली वळणाशी पाणी दिसू लागल्यावर ती म्हणाली, "आज इंजिन तुम्ही चालवा. माझी बोटं दुखतायत."

"मला कुठं येतं?"

"शिकवते," ती म्हणाली.