पडद्याची उजवी बाजू

९ मार्च, शनिवार. निवड स्पर्धेची प्रवेश फी तीनशे वीस रुपये. गेमिंग हॉलच्या काउंटरवर वहिनींनी नोटा मोजून दिल्या आणि पावती घेता घेता हॉलवाल्याच्या वहीत डोकावल्या. त्यांच्या नावाच्या बरोबर वर नणंदेचं नाव होतं. ती सकाळीच येऊन भरून गेली होती.

"एकाच घरातल्या दोघी," हॉलवाला म्हणाला. "एकत्र आला असतात तर माझी एक पावती वाचली असती."

"पावती वाचली असती, डोकं नसतं वाचलं," वहिनी म्हणाल्या.

वहिनी समोरच्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवत. अठरा वर्षं झाली. काच घासून फ्रेमच्या मापाची करायची, गिऱ्हाइकाचं बुबुळ जिथे येतं तिथे पेनाने टिंब द्यायचं, आणि ते टिंब अर्धा मिलिमीटरही हलू द्यायचं नाही. हललं तर गिऱ्हाईक दोन दिवसांनी कपाळ धरून परत येतं. दुकान सुटलं की हॉलवर जाऊन तासभर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा, हा त्यांचा चार वर्षांचा नेम. नवऱ्याला आधी हसू यायचं, मग सवय झाली. हॉलमध्ये सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत. भिंतीवरच्या फळ्यावर सर्वांत वेगवान फेरी त्यांची होती, एक मिनिट बेचाळीस सेकंद. मोठ्या स्पर्धेला हॉलतर्फे दर वर्षी एकच खेळाडू जातो. मागची दोन वर्षं त्याच गेल्या होत्या.

मग त्यांनी स्वतःच पायावर धोंडा पाडून घेतला. धाकटी नणंद, कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसणारी, एका रविवारी घरात जांभया देत होती. वहिनी तिला हॉलवर घेऊन गेल्या. वळणाआधी गाडी बाहेरच्या अंगाला कशी घ्यायची, ब्रेक किती आधी दाबायचा, हातचं राखून न ठेवता सगळं शिकवलं. सहा महिन्यांत फळ्यावरचा आकडा बदलला. एक एकेचाळीस. आमचीच मांजर आणि आम्हालाच म्यांव.

आकडा गेला ते एक वेळ चाललं असतं. पण नणंद त्यांना 'वहिनी' म्हणे, म्हणून अख्खा हॉल 'वहिनी' म्हणू लागला. चार वर्षांची मॅडम गेली आणि नणंदेची वहिनी तेवढी उरली. घरी सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हिचा हात लहानपणापासूनच चपळ." शिकवलं कोणी, हे विचारायची बुद्धी एकालाही होत नसे. एकदा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नणंदेचा अंगठा चेंगरला. वहिनींनी मायेने बर्फ लावला, आणि लावता लावता मनात हिशेब केला की बरा व्हायला किती दिवस लागतील. दोन दिवसांत बरा झाला. वहिनींना त्याचंही वाईट वाटलं.

गोम अशी होती की एकट्या खेळल्या तर वहिनींची फेरी अजूनही बेचाळीसची येई. नणंद शेजारी बसली की अठ्ठेचाळीस, पन्नास. दोघींच्या शर्यतीत एकाच मोठ्या पडद्याचे दोन भाग होत. डावीकडे वहिनी, उजवीकडे नणंद. वहिनींनी खुर्ची बदलली, कंट्रोलर बदलला, चहा सोडून पाहिला. काही उपयोग नाही. आपलं वय झालं, असं त्या स्वतःला सांगू लागल्या होत्या.

एका संध्याकाळी नवरा मागे बसून खेळ बघत होता. जिना उतरताना म्हणाला, "तू का हरतेस ते कळलं."

"का?"

"गाडी तुझी, पण चालवतेस तिची. भिंतीला घासलीस तेव्हा पाचही वेळा नजर तिच्या बाजूला होती."

"मोजायला आला होतास?"

"मग काय करणार? गेम तर मला कळत नाही."

वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. खरं बोललेलं जास्त झोंबतं.

तिसऱ्या दिवशी दुकानात नेहमीचंच काम आलं. कुणाचा एक डोळा आळशी असला की चांगल्या डोळ्यापुढची काच पट्टी लावून झाकतात, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. वहिनींनी अशा शेकडो पट्ट्या कापल्या होत्या. त्या दिवशी कात्री मध्येच थांबली. न खपलेल्या फ्रेमच्या ट्रेमधून त्यांनी एक काळी, रुंद फ्रेम उचलली.

"तुला कशाला?" दुकानदार म्हणाला. "तुझी नजर तर घारीची."

"म्हणूनच."

त्याने वहीत त्यांच्या नावावर ऐंशी रुपये मांडले. त्यांनी फ्रेममध्ये साध्या काचा बसवल्या. संध्याकाळी हॉलमध्ये आपल्या खुर्चीत बसून एकेक डोळा मिटला, पडद्याची मधली रेघ जिथे दिसली तिथे प्रत्येक काचेवर टिंब दिलं आणि टिंबाच्या उजवीकडचं सगळं पट्टीने झाकलं.

आता डोळ्याच्या कोपऱ्यातून चोरून बघता येईना. बघायचंच तर मान वळवावी लागे, आणि मान वळली की आपली चोरी आपल्यालाच कळे. पहिल्या दिवशी मान अकरा वेळा वळली. आठवड्याने तीनदा. जळफळाट तसूभरही कमी झाला नव्हता, त्याला बघायला जागा तेवढी उरली नव्हती.

२४ मार्चला दोघीच उरल्या. तीन शर्यती, दोन जिंकेल ती जाणार.

"वहिनी, मला न बघायला एवढा खर्च?" नणंद म्हणाली.

"ऐंशीच रुपये. तू तेवढ्याचीच आहेस."

हॉल हसला, नणंदही हसली. पहिली शर्यत तिने घेतली. दुसरी वहिनींनी. तिसरीत शेवटच्या वळणाआधी उजवीकडून काहीतरी आदळल्याचा आवाज आला आणि मागची मंडळी "अरे, अरे" करू लागली. वहिनींची मान ताठ झाली, दुखायला लागली. ती आदळली असेल, किंवा नसेलही. त्यांनी गाडी बाहेरच्या अंगाला घेतली, ब्रेक दाबला, वळण काढलं, रेघ ओलांडली. तरी त्या डावीकडेच बघत बसल्या. शेवटी हॉलवाल्याने पुढे येऊन त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"अभिनंदन, वहिनी. एक एकेचाळीस. फळ्यावरच्या आकड्याची बरोबरी केलीत."

म्हणजे जिंकूनही मॅडम नाही, वहिनीच राहिल्या. त्यांनी उजवीकडे पाहिलं. नणंदेची गाडी भिंतीला तोंड लावून उभी होती.

"मी तुझ्या बाजूला बघत होते," नणंद म्हणाली. "आधी दर वळणावर तू माझ्याकडे बघायचीस. मला बरं वाटायचं. आज एकदासुद्धा बघितलं नाहीस." मग जिन्यात म्हणाली, "मलाही असा एक करून दे ना."

"बघू," वहिनी म्हणाल्या, आणि करून दिला नाही.

घरी सासूबाईंनी दार उघडलं. निकाल ऐकला आणि आधी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "हरलीस तरी छान खेळली असशील." वहिनींच्या पोटात पुन्हा दुखलं. त्यांनी चष्म्याची डबी कपाटात वरच्या कप्प्यात, नणंदेचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली.

फ्रेमचे ऐंशी रुपये दुकानाला द्यायचे अजून बाकी आहेत.