दाराबाहेर लपवलेला दम

दाखल्याच्या खोलीबाहेर सुनीतामावशी थांबल्या, घाम पुसला, श्वास जागेवर येऊ दिला. त्यांच्या फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय. दोन जिने म्हणजे दिव्यच. लिफ्ट बंद. अपंगत्वाच्या दाखल्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर चुकून आलंय, यावर माझा विश्वास नाही.

"मावशी, धापा टाकतच आत चला," मी म्हटलं.

"नको गं, नाटकी म्हणतील."

घरीदारी हेच ऐकलंय त्यांनी. आजार बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळ्यांना संशय. म्हणून त्या दम लपवायला शिकल्या. श्वासाचा पुरावा माणसानं आणायचा तरी कुठून?

आतल्या साहेबांनी रिपोर्टांची फाईल न उघडताच परत सरकवली. "जिने चढून आलात ना? धडधाकट आहात की!"

मावशी ओशाळून हसल्या, खोटं बोलताना पकडल्यासारख्या.