मामांची वाइड अँगल दुर्बीण

"म्होरनं या. बाजूनं का येता चोरावानी?"

चहावाल्यापासून माझ्यापर्यंत प्रत्येकाला मामांचं हेच पहिलं वाक्य असायचं. दुकानात शिरले की मान पुरती फिरवून चारी भिंती बघायच्या, मगच खुर्चीत टेकायचं. असा संशयी माणूस तुमच्याही माहितीत असेल. त्याच्यासमोर आपण काही न करताच चोर ठरतो.

यवतला माझं चष्म्याचं दुकान आहे, मामा तिथलं जुनं गिऱ्हाईक. दुर्बिणी ठेवायला लागलो त्या बिबट्यामुळे. नदीपलीकडे शिरूरच्या उसात तो होताच, आता आमच्या दौंडच्या बाजूलाही दिसतो. मामांचं शेत खुटबावला. मामी रोज उसाच्या कडेला वाकून गवत कापायच्या आणि मामा विहिरीच्या कठड्यावर बसून राखण करायचे. शेजाऱ्याची शेळी गेली आणि मामा दुर्बीण घ्यायला आले.

"ही वाकल्याली आन् उसाची कड, दोन्ही एका टायमाला दिसाया पायजेत," ते म्हणाले.

गिऱ्हाईक मोठ्या आकड्याला भुलतं. मी त्यांना सांगितलं की लांबचं जितकं मोठं करून बघाल तितका आवाका कमी होतो, शिवाय हात जरा हलला की सगळं नाचतं. आठपट पुरे, पण वाइड अँगलची घ्या, तिच्यात दोन्ही बाजूंचं जास्त मावतं.

"वाइड म्हंजी म्हाग, आसंच ना?"

त्यांना गच्चीवर नेलं. एक साधी आठपटीची, एक वाइड. हायवेवरच्या ढाब्यावर रोखून त्यांनी दोन्ही आलटून पालटून लावल्या. बराच वेळ लावल्या.

"दोन्हीत तेवढंच दिसतंय. माल एक आन् नावं दोन."

मला आधी हसू आलं, मग राग. वाइडमध्ये ढाब्याच्या जोडीला शेजारचा पेट्रोल पंपही दिसत होता. चष्मा लावणाऱ्याने दुर्बिणीचं डोळ्याजवळचं रबर दुमडून घ्यायचं असतं, नाहीतर कडा कापल्या जातात, म्हणून तेही दुमडून दिलं. तरी त्यांचं आपलं तेच. ही घासाघीस करायची नवी तऱ्हा असणार, असं मी धरून चाललो. शेवटी मामींच्या काळजीपोटी त्यांनी वाइड घेतली, पण महिनाभरात तीनदा परत आणली. तिसऱ्यांदा म्हणाले, आतली काच बदललीय. मी तोडून बोललो, "मामा, तुम्हाला फसवून मी काय बंगला बांधणार आहे?"

ते उठले. मी बाजूने, अगदी हातभर अंतरावर, दुर्बीण पुढे धरली होती. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"द्या की. का ठिऊन घ्यायचीय?"

मी दुर्बीण खाली ठेवली. त्यांना खाली बसवलं, माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि माझी बोटं बाजूने हळूहळू आत आणली. बोटं जवळजवळ नाकासमोर आल्यावर म्हणाले, "हां, दिसली." तक्त्याची शेवटची ओळ हा माणूस घडाघडा वाचायचा, म्हणून मी नंबर काढून मोकळा होत होतो. वीस वर्षं डोळ्यांवर पोट भरतोय आणि महिनाभर दुर्बिणीच्या काचा तपासत बसलो. त्याची लाज अजून वाटते. बाजूने येणारा प्रत्येक माणूस त्यांना एकदम जमिनीतून उगवल्यासारखा वाटत असणार, मग संशय नाही येणार तर काय.

दौंडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, त्यात बाजूची नजर आधी जाते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं आन् डॉक्टरचं जमल्यालं दिसतंय." त्यानंतर ते दुकानाची पायरी चढले नाहीत.

परवा मामी आल्या, दुर्बिणीचा पट्टा आखूड करून घ्यायला. आता गवत मामा कापतात आणि कठड्यावर मामी बसतात.

"थेंब घालून घेतात का?" मी विचारलं.

"माझ्या हातनं घेत्यात. दुसऱ्या कुणाच्या न्हाई."

पट्टा करून दिला. त्यांनी तो गळ्यात घालून बघितला.

"नीट दिसतं ना त्यातून?"

"लई दिसतं. ते दिसत्यात, दोन्ही अंगाचा ऊस दिसतो, पार वढ्यापतुर." मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांना म्हनलं, तुमचंच खरं, तेवढंच दिसतंय. दुकानदारानं फशिवलं आपल्याला. तेवढं घ्या भाऊ सोसून."

"घेतो," मी म्हणालो.