धोंड्याखालच्या खोल्या

हे मी घरातसुद्धा बोललेलो नाही. औंढ्याच्या ओढ्याकाठचा चुन्याचा धोंडा मी उपटला. माझ्या हातांनी.

पूररेषा आखायचा ठेका घेतलेल्या साहेबाकडं मी तेव्हा मोजणीला होतो. ओढ्याच्या वर एका मुंबईवाल्याचा बंगला, उतारावरची जमीनही त्याचीच. नकाशा घेऊन गेलो, तर माझ्या चिखलाच्या पायांकडं बघून तो म्हणाला, "तू खालीच थांब." साहेब वर, कपबशीतून चहा पीत. मी पावसात, नकाशाची नळी छातीशी धरून.

मग त्याला धोंडा दिसला. "हा काय, देव आहे का तुमचा?"

मी सांगितलं. पूर ओसरला की गाव जमतं. पाणी जिथवर चढलं तिथं धोंडा रोवतं, चुना फासतं. त्याच्या खाली चूल मांडायची नाही. हा माझ्या बापानं रोवलेला.

"म्हणजे बांधकामाची परवानगी आता दगडाकडून घ्यायची?"

साहेब हसले. मीही हसलो. बापावर हसलो.

"काढ रे तो. बागेत पायरीला होईल."

पहार आणली. काढला. पायरी बसवून दिली. त्यानं वर पाय ठेवून बघितला. नकाशावरची पूररेषा साहेबांनी उताराच्या खाली ओढली.

मग त्या उतारावर भाड्याच्या खोल्या उठल्या. भुशी धरणाच्या रस्त्याला कणसं भाजणारी मुमताजमावशी तिथं राहायला आली. गेल्या पावसाळ्यात ओढा आत शिरला. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. शेजाऱ्यांनी खाटेसकट उचलला, म्हणून वाचला.

मी चिखल उपसायला गेलतो. मावशी म्हणाली, "भाऊ, मी बघून घेतली हुती खोली. वरपत्तूर गेले. कुटं धोंडा न्हवता."

मी घमेलं उचललं आणि बाहेर नेऊन रिकामं केलं.

मग नुकसानीच्या पाहणीला सरकारी माणसं आली. साहेब कानाशी लागले, "पाणी उंबऱ्यापर्यंत आलं म्हण. बाकी ढगफुटी. तू आपला माणूस आहेस."

आपला! इतकी वर्षं खाली उभा केलेला.

मी पाहणीवाल्यांना घेऊन मावशीच्या खोलीत शिरलो. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेवर पंजा ठेवला. छातीइतकी उंच. "हितवर आलं. वर जुना धोंडा हुता, तितवर चढलं."

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"न्हाईच येत."

मावशीनं चहा दिला, कपबशीतून. "खरं बोललास रं भाऊ." मी तो प्यायलो. धोंडा कुणी काढला, ते गिळलं.

आता दारोदार सांगत फिरतो, पावसाआधी खोल्या सोडा. माणसं विचारतात, "जायाचं कुटं?" तरी फिरतो. त्या उतारावर पुन्हा कुणाची चूल पेटू द्यायची नाही.

धोंडा अजून त्या बागेत आहे. तो आणून मला मूळ जागी रोवायचाय. आणि त्याआधी मावशीसमोर उभं राहून म्हणायचंय, धोंडा मी उपटला. ते अजून म्हटलेलं नाही.