घोट्याची पकड आणि ऑसी रूल्स

गड्यांनो, मला सोडायला एसटी स्टँडवर आपल्या कबड्डी मंडळाची तुम्ही सगळी जुनी पोरं आला होता. पोरं कसली, सगळे साठीच्या पुढचे. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती. तुमची वहिनी गेली, घर खायला उठलं, म्हणून माझा पोरगा सुनील मला न्यूझीलंडला घेऊन निघाला होता. तेव्हा शिवा मोठ्यानं म्हणाला, "बाळ्या, आता तिथं जाऊन गोऱ्यांचे घोटे धर!" सगळे हसलात, मीही हसलो. पण बस हलली तसं तोंड जे खिडकीकडं फिरवलं, ते गावाची शीव मागं पडेपर्यंत सुनीलला दाखवलं नाही.

शिवाला ठाऊक होतं तो काय बोलतोय. मी चौथी शिकलेला माणूस, पण कबड्डीत घोट्याची पकड म्हटली की तालुक्यात माझंच नाव निघायचं. चढाईला आलेला गडी एकदा हातात सापडला की मध्यरेषा त्याला लांबूनच बघायची.

इथं आम्ही पापाकुराला राहतो. सुनील ईस्ट टामाकीला कारखान्यात इंजिनीअर, सूनबाई वैशाली माउंट वेलिंग्टनला ऑफिसात. दोघं सकाळी गेले की मी, हीटर आणि टीव्ही. मला इंग्रजी येत नाही, पण खेळ बघायला भाषा कशाला लागते? सगळे खेळ बघितले. क्रिकेट बघता बघता माणसाला झोप लागते. त्यांचा तो साधा फुटबॉल, घाम गाळगाळ गाळायचा आणि शेवटी शून्य-शून्य. रग्बीवर इथली माणसं जीव टाकतात. ताकदीचा खेळ आहे, नाही म्हणत नाही. पण चेंडू हातानं पुढं टाकायची बंदी, आणि घडीघडीला माणसांचा ढीग. ढिगात खेळ दिसतो कुठं?

मग एक दिवस ऑसी रूल्स लागला. ऑस्ट्रेलियावाल्यांचा फुटबॉल. गड्यांच्या अंगात बिनबाह्यांची बंडी, खाली चड्डी. आपलाच गणवेश! ना हेल्मेट, ना पॅड. चेंडू लांबोळका, टप्पा पडला की कुठं उडेल देवाला माहीत. एक गडी दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा देऊन आभाळात जातो आणि चेंडू झेलतो. झेलला की बाकीचे मागं सरतात, त्याला निवांत लाथ मारू देतात. एवढी मारामारी, आणि त्यात एवढी अदब!

पण माझं मन बसलं ते खांबांवर. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांतून गेला तर एक. दुसऱ्या खेळात चुकलं की चुकलं. इथं म्हणतात, तिथवर आलास ना, घे एक. आपल्या कबड्डीतल्या बोनस रेषेसारखं.

सुनील म्हणाला, "आण्णा, हे बघता म्हणून शेजाऱ्याला सांगू नका. इथं ऑस्ट्रेलियाचं कौतुक चालत नाही."

"मला चालतं," मी म्हटलं.

नात इरा माझ्याशेजारी बसून बघायची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत सांगायची, बाकीचं हातवाऱ्यांनी. बघता बघता तिनं याच खेळाच्या शनिवारच्या टीममध्ये नाव घातलं. पोरं-पोरी एकत्र खेळतात. सुनील बिथरला. हात मोडला म्हणजे? वैशालीनं तोड काढली, "खेळू दे. पण एक जरी तक्रार आली, तर बंद."

इराचे पाय वाऱ्यासारखे, पण पळणारा गडी तिला थांबवता येईना. मग काय, मागच्या लॉनवर मी तिला घोट्याची पकड शिकवली. माझी, घरची.

शनिवारी तिनं ती लावली. एक दांडगा पोरगा चेंडू घेऊन सुटला होता, इरानं झेप घेतली, घोटा पकडला, पोरगा तोंडावर. मी ओरडलो, "जमली!" तेवढ्यात शिट्टी. या खेळात गुडघ्याच्या खाली धरायचंच नसतं. चेंडू त्यांना, आणि त्या लाथेवर सहा गुणही त्यांना. पोराची आई तणतणत आली आणि कोचनं सुनीलला बाजूला घेतलं.

गाडीत सुनील म्हणाला, "झालं. आली तक्रार."

इरा डोळे पुसत इंग्रजीत म्हणाली, आजोबांना माहीत नव्हतं. तेवढं इंग्रजी मला कळलं, आणि ते फार लागलं. मी म्हटलं, "नव्हतं, आता झालं. गुडघ्याच्या वर धरायचं ना? कमरेची पकड शिकवतो. एक शनिवार दे."

"आण्णा, ही काय तुमच्या मंडळाची स्पर्धा हाय?" रागावला की सुनीलची भाषा गावाला जाते.

"माझी नाही, तिची हाय. तिला विचार."

सिग्नल लागला होता. त्यानं मागं वळून बघितलं. इरा म्हणाली, "मला खेळायचंय, बाबा." मराठीत. एरवी हाक मारायलासुद्धा मराठी येत नसल्यासारखं करणारी पोर. सुनीलनं पुढं बघत गाडी काढली आणि मी ते हो समजून घेतलं.

आठवडाभरात सरावानं लॉनचं गवत मेलं. मी सांगितलं, झेप घेऊ नकोस, पावलं आखूड कर. चेंडू बघू नको, मान बघू नको, दोन्ही फसवतात. कमरेवर नजर ठेव.

पुढच्या शनिवारी आमची टीम हरतच होती. वारं असं की टोपी धरून बसावं. त्यांची एक पोरगी चेंडू घेऊन निघाली, इरा बाजूनं आली आणि तिला हातांसकट कवेत घेतलं. शिट्टी वाजली. अंपायरनं हात आमच्या बाजूला केला. धरल्यावर चेंडू सोडला नाही तर तो पकडणाऱ्याचा. चेंडू इराला! माझ्या शेजारी कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, "शाब्बास ग माझी वाघीण! आता मार!"

तो सुनील होता. मी मैदान गाजवत होतो तेव्हा हा पोरगा पुस्तकातून मान वर करत नव्हता. इथं त्याची कॉफी बुटावर सांडली होती, आणि पलीकडचा गोरा बाप त्याला "स्वीट ॲज, मेट!" म्हणजे झकास रे गड्या, असं म्हणत पाठीवर थापटत होता.

इरानं लांबून लाथ मारली. चेंडू बाजूच्या खांबांतून गेला. एक गुण.

फोनवर तुम्ही विचारता, परत कधी येतोस, तिथं घरासारखं वाटतं का. गड्यांनो, गाव माझंच आहे, ते कुठं जात नाही. पण हा मोसम संपल्याशिवाय मला हलता यायचं नाही. एका हरलेल्या सामन्यावरनं आम्ही तिघं गाडीत अजून भांडतोय, की तो चेंडू वाऱ्यानं वळला की पायानं. सुनील म्हणतो, पाय चुकला. इरा त्याच्यावर ओरडते. मी म्हणतो वाऱ्यानं, आणि मी ऐकणार नाही.